समालोचकाचा धनी कोण?

खेळाचे समालोचन चांगले की वाईट हे ठरवताना आपण आवाज, भाषा, उत्साह आणि आकडेवारीवरची पकड यांचा विचार करतो. बोलणारा माणूस कोणाला बांधील आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. माझ्या मते आधी विचारायला हवा तो हाच. आकाशवाणीच्या आणि सुरुवातीच्या दूरदर्शनच्या काळातील समालोचक आजच्यांपेक्षा सरस होते, असे म्हणणाऱ्यांत साठी ओलांडलेलेच अधिक असतात आणि त्यांच्या बोलण्यातून सरलेल्या तारुण्याची हळहळ वजा केली तर फारसे काही हाती लागत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. तरीही ती वजाबाकी करून जे शिल्लक राहते ते थोडे नाही, आणि कोल्हापूरने त्याचा हिशेब मांडायला हवा. कारण ज्या शहरात कुस्तीचे मैदान आणि फुटबॉलचा हंगाम हा घराघरातला विषय असतो, तिथे त्या खेळांबद्दल कोण बोलतो आणि कोणाच्या पैशाने बोलतो, हा प्रश्न खासगी राहत नाही. म्हणूनच आकाशवाणीने इथली मैदाने आणि सामने मराठीतून थेट ऐकवावेत, अशी माझी मागणी आहे.

भारतातील पहिले क्रिकेट समालोचन १९३४ साली मुंबईत झाले. चौरंगी स्पर्धेतील पारशी विरुद्ध मुस्लिम असा तो सामना होता आणि मायक्रोफोनसमोर ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान बसले होते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडायलाही तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत. ही कामगिरी गळ्याची म्हणून नेहमी सांगितली जाते, पण मला तिच्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. संघ धर्मावर बेतलेले, प्रेक्षकही त्याच हिशेबाने वाटले गेलेले, बोलणारा स्वतः पारशी, आणि घरी बसलेल्या हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन अशा सर्व श्रोत्यांची भिस्त त्या एकाच आवाजावर. फलंदाज बाद झाला म्हणजे झाला, झेल सुटला म्हणजे सुटला. यात आपपरभाव दिसला असता तर तो आवाज एका हंगामातच निकालात निघाला असता.

१९४८-४९ च्या सुमारास आकाशवाणीने एका सामन्याला अनेक समालोचक नेमण्याची पद्धत आणली, तेव्हा मायक्रोफोन वाटून घेण्यास नकार देऊन तल्यारखान बाजूला झाले. पाच दिवसांची कसोटी एका गळ्यावर सोपवणे शहाणपणाचे नव्हते, त्यामुळे या वादात मी आकाशवाणीच्या बाजूचा आहे. परंतु एकट्याने बोलण्यात एक शिस्त होती ती मान्य करावी लागते: समोर गप्पा मारायला कोणी नसल्यामुळे प्रत्येक वाक्य श्रोत्यालाच उद्देशून उच्चारावे लागत असे. आजच्या समालोचन कक्षात दोघे-तिघे माजी खेळाडू एकमेकांच्या जुन्या दौऱ्यांच्या आठवणी काढत असतात आणि श्रोता शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकणाऱ्या गिऱ्हाइकासारखा बाजूला पडतो.

तल्यारखान यांच्यानंतरची नामावळी मोठी आहे. बेरी सर्वाधिकारी, पिअर्सन सुरिता, देवराज पुरी आणि त्यांचे चिरंजीव नरोत्तम पुरी, डिकी रत्नागर, अनंत सेटलवाड, सुरेश सरैया हे इंग्रजीत. रवी चतुर्वेदी, सुशील दोशी आणि अर्थातच जसदेव सिंग हे हिंदीत. सगळेच थोर होते असे मानण्याचे कारण नाही. विझियानगरमचे महाराजकुमार ‘विझी’ हे १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार होते आणि पुढे ते समालोचकही झाले. त्यांनी आपल्या वाघाच्या शिकारींचे वर्णन केले तेव्हा, आपण तर समजत होतो की तुम्ही समालोचन चालू असलेला ट्रान्झिस्टर जंगलात ठेवून देता आणि वाघ कंटाळून मरतात, असे रोहन कन्हायने त्यांना ऐकवल्याचा किस्सा सांगितला जातो. तो खरा असो की रचलेला, आकाशवाणीच्या त्या काळातही मायक्रोफोनपर्यंत पोहोचायला गुणाखेरीज दुसऱ्या वाटा होत्या, एवढे त्यातून कळते. सरकारी माध्यम म्हटले की मर्जी आलीच.

तरीसुद्धा या मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे पोट समालोचनावर चालत नव्हते. नरोत्तम पुरी हे कान-नाक-घशाचे डॉक्टर, रवी चतुर्वेदी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. सामना संपला की ही माणसे आपापल्या कामावर परतत. ज्याला उद्याच्या कंत्राटाची धास्ती नाही, त्याला आजची खेळपट्टी खराब आहे असे म्हणायला जड जात नाही. आणि श्रोत्याशी असलेले नाते पैशाच्या बाजूनेही सरळ होते. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. लोक त्या शुल्काला कंटाळलेले असत, ते चुकवणारेही पुष्कळ असत. परंतु ज्याच्यासाठी बोलायचे त्याच्याच खिशातून थोडे का होईना पैसे येत होते. मध्ये विकणारा कोणी नव्हता.

जसदेव सिंग यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला उसंत असते, हॉकीत ती नसते. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानचा २-१ असा पराभव केला. अशोक कुमारचा निर्णायक गोल वादग्रस्त ठरला होता. चेंडू गोलखांबाला लागून बाहेर आला, तो आत गेलाच नव्हता असा पाकिस्तानी खेळाडूंचा दावा होता आणि पंचांनी गोल दिला. अशा क्षणी पडद्यावर चित्र नाही, फेरदृश्य नाही, हजारो मैलांवरच्या श्रोत्याजवळ केवळ एका माणसाचे शब्द. जसदेव सिंग यांची हिंदी वेगवान होती पण घाईची नव्हती. चेंडू कोणाकडे आहे, कोणत्या बगलेने चालला आहे, समोर कोण आहे, हे क्रमाने सांगितले जाई आणि आवाज चढायचा तो चेंडू गोलपाशी पोहोचल्यावरच. अशा आवाजाला श्रोता शरण जातो, कारण तो आपल्याला फसवणार नाही अशी त्याची खात्री पटलेली असते. पुढे त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण हे दोन्ही सन्मान मिळाले.

मराठीत ही परंपरा बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी उभी केली. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते, करमरकर वृत्तपत्रातून आले होते आणि क्रीडा पत्रकारितेला मराठी दैनिकात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्यामुळे कसोटी सामना इंग्रजी न समजणाऱ्या घरात पोहोचला. उसाला पाणी पाजणारा शेतकरी, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून, महाद्वार रोडवरचा दुकानदार यांना मुंबईच्या मैदानात काय चालले आहे हे आपल्या भाषेत कळू लागले. आणि हे समालोचन पुरुषांचेच राखीव क्षेत्र नव्हते, हे इंदूरमध्ये चंद्रा नायडू यांनी १९७७ सालीच दाखवून दिले होते, कर्नल सी. के. नायडू यांच्या त्या कन्या. महाराष्ट्रात तो धडा कोणी फारसा मनावर घेतला नाही.

दूरचित्रवाणी आली तेव्हा रेडिओवरची माणसेच तिथे बसवली गेली आणि सुरुवातीला ती जरा जास्तच बोलली. जे दिसते आहे तेच सांगायचे, अशी ती सवय होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले तरी आपल्या भागात घरोघरी चित्र पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले, आणि पडद्याचा आवाज बंद करून रेडिओ लावणारे प्रेक्षक तेव्हा विपुल होते. दिसत असलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे कसे, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. त्याचे उत्तर सापडण्याआधीच माध्यमाचा धनी बदलला. नव्वदच्या दशकात प्रक्षेपणाचे हक्क हीच मोठी मिळकत झाली, आणि पुढे भारतातील सामन्यांचे चित्रण क्रिकेट मंडळानेच आपल्या हाती घेतल्यावर समालोचकही मंडळाने नेमलेलाच आला. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना वगळले गेले. दोघांनी काय गुन्हा केला होता हे प्रेक्षकांना धडपणे सांगितलेही गेले नाही. त्या दोघांची मते पटोत वा न पटोत, कक्षात उरलेल्यांनी यातून काय बोध घेतला असेल याचा अंदाज करता येतो. षटकाराला प्रायोजकाचे नाव लावून ओरडणारा आवाज दोषी नाही. तो त्याच्या धन्याची चाकरी इमानाने करतो आहे.

दिसणाऱ्या खेळाबद्दल दिसणाऱ्या माणसांशी कसे बोलावे, याचे उत्तर मात्र कोल्हापुरात केव्हाच सापडले होते, आणि ते दूरचित्रवाणीने इकडे येऊन विचारले नाही याचे मला नेहमी नवल वाटते. खासबाग मैदान १९१२ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी बांधले ते असे, की मधला हौदा उंच आणि भोवतालची बैठक उतरती, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. तिथे कुस्तीचा निवेदक कर्ण्यावरून बोलतो तो हजारो डोळस आणि जाणत्या लोकांशी. ‘आता त्याने पट काढला’ एवढेच सांगितले तर लोक हसतील, कारण पट त्यांनीही पाहिलेला असतो. निवेदक सांगतो ते न दिसणारे: मल्ल कुठल्या गावचा, मोतीबाग तालमीत घडला की गंगावेशीत की शाहूपुरीत, वस्ताद कोण, याआधी याच जोडीत काय झाले होते, घिस्सा हा डाव लागण्याआधी खालच्या पैलवानाने कोपर का सोडला, ढाकेच्या डावाची तयारी कुठून झाली. खडाखडी, म्हणजे सुरुवातीची झटापट, चालू असते तेव्हा तो वंशावळ सांगतो, आणि कब्जा घेतला गेला की गप्प होतो, कारण त्या वेळी हलगी पुरेशी असते. शंकरराव पुजारी यांच्यासारख्यांनी दक्षिण महाराष्ट्राच्या मैदानांत या कलेला स्वतंत्र मान मिळवून दिला. निवेदक कोण येणार हे पाहून मैदानाला जायचे ठरवणारी माणसे आपल्याकडे आहेत.

परंतु इथेही धन्याचा प्रश्न सुटलेला नाही. कुस्ती ऐन रंगात असताना अमुक साहेबांचे मैदानात आगमन होत असल्याची घोषणा होते, मग तमुक साहेबांचा सत्कार, मग त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि तेवढ्यात हौद्यात निकाल लागून गेलेला असतो. बक्षिसाच्या घोषणेबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्याने खूश होऊन पैलवानाला पाचशे रुपये लावले तर ते नाव पुकारले गेलेच पाहिजे. तो पैसा खुराकाला जातो आणि पुकारा हाच त्या व्यवहाराचा दस्तऐवज असतो. साहेबांच्या आगमनाने मात्र मल्लाचे, प्रेक्षकाचे किंवा कुस्तीचे कोणतेच हित होत नाही. निवेदकाला हे पुरते कळते. पण त्याला बिदागी देणारा संयोजक असतो, आणि संयोजकाला साहेबांची गरज असते. मुंबईतल्या वातानुकूलित कक्षातील समालोचक आणि गावच्या जत्रेतील निवेदक एकाच अडचणीत आहेत. फरक आहे तो रकमेचा.

फुटबॉलची गोष्ट आणखी नाजूक आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस हे संघ उतरतात तेव्हा खेळत असतात त्या तालमी आणि पेठा. एका पेठेतला समालोचक दुसऱ्या पेठेला पक्षपाती वाटण्याचा धोका कायमच असतो. पंचांनी दिलेली पेनल्टी योग्य होती का, यावर रात्री दोन पेठांत दोन वेगळे इतिहास तयार होतात, आणि त्यातून मैदानाबाहेर काय घडते हे इथल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. अशा ठिकाणी जो आवाज दोन्ही बाजूंना मान्य असेल, ज्याला तल्यारखान यांच्यासारखी आपली पेठ बाहेर ठेवून कक्षात शिरता येईल, त्याचे मोल केवळ करमणुकीचे राहत नाही. दुर्दैवाने असा आवाज घडवण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही.

यावर उत्तर येईल की हे सगळे आता मोबाइलवर होते. मैदानांचे आणि सामन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर दिसते, २०२३ पासून आयपीएलसुद्धा मोबाइलवर मराठीतून ऐकता येते, मग आकाशवाणीला कशाला उठवायचे? या मुद्द्यातला उत्साह मला आवडतो. स्थानिक तरुणांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर जे उभे केले आहे ते कौतुकास्पद आहे, आणि त्यातल्या काहींचे बोलणे नावाजलेल्या वाहिन्यांपेक्षा ऐकण्याजोगे असते. पण ज्याच्या प्रेक्षकांची गणना दर मिनिटाला होते, त्याला शांत राहणे परवडत नाही. तिथे धनी म्हणजे आकडा. शिवाय ज्याला दिसत नाही त्याचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना सुलभ रूपात मिळावा आणि दृश्याचे ध्वनिवर्णन उपलब्ध व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. जुन्या धाटणीचे रेडिओ समालोचन हे ध्वनिवर्णनच होते, फक्त त्याला ते नाव नव्हते. पडद्यासाठी केलेले बोलणे रेडिओवर वाजवून ही गरज भागत नाही. ‘काय फटका आहे!’ हे वाक्य अंध श्रोत्याला काहीच सांगत नाही.

कायद्याचीच दुसरी बाजू पाहू. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका स्पर्धेचे हक्क परदेशी कंपनीला विकण्यावरून तो खटला उभा राहिला होता, आणि मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. त्याच निकालपत्रात या लहरींवर सरकारची मक्तेदारी असू नये असेही बजावले गेले. बातम्यांत आले ते हेच अधिक. मालमत्ता सार्वजनिक असेल तर तिच्यावरून जनतेला काय मिळते, हा प्रश्न मागेच पडला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्कधारकांना आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते. जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारक आणि प्रसार भारती यांच्यात दूरचित्रवाणीसाठी किमान ७५:२५ आणि रेडिओसाठी किमान ५०:५० असे वाटायचे, ही तरतूदही त्यात आहे. राष्ट्रीय महत्त्व म्हणजे काय हे केंद्र सरकार ठरवते. खासबागेतील कुस्ती किंवा शाहू स्टेडियमवरचा अंतिम सामना त्या यादीत कधी येणार नाही, आणि यायची गरजही नाही. त्यांच्यावर कोणाचा कोट्यवधींचा हक्कच नाही. म्हणजे अडथळा कायद्याचा नाही, पैशाचाही फारसा नाही. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून या भागाच्या कानावर आहे, कोल्हापूरचे स्वतःचे एफएम केंद्र आहे, मैदान शहराच्या मध्यावर आहे आणि बोलणारी माणसे तयार आहेत.

जे बोलले जाईल ते जपून ठेवणे हाही या मागणीचा भाग आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात, काठेवाडविरुद्ध, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकर जन्माने कोल्हापूरचे, त्यांचा अंतही इथेच झाला. त्या डावाचा धावफलक सर्वांना पाठ आहे, त्याचा आवाज आज कोणाला ऐकायला मिळत नाही. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवने केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रण नाही, ही खंत देशभर व्यक्त होते. कोल्हापुरातील मोठमोठ्या कुस्त्यांबद्दल मात्र तेवढी खंतही व्यक्त होत नाही. इंदूरच्या होळकर स्टेडियममधील समालोचन कक्षाला सुशील दोशी यांचे नाव दिले गेले आहे. आपल्याकडे निवेदकाच्या नावाने निदान ध्वनिफितींचा एक संग्रह तरी असावा, आणि आकाशवाणीकडे जुने मराठी समालोचन जे काही शिल्लक असेल ते लोकांना खुले व्हावे.

मागणी मोठी नाही. कोल्हापूर आणि सांगली केंद्रांनी फुटबॉल हंगामातील उपांत्य व अंतिम सामने आणि वर्षातील दोन-तीन प्रमुख कुस्ती मैदाने मराठीतून थेट ऐकवावीत. समालोचकांची निवड खुल्या आवाज चाचणीतून व्हावी, तिच्यात मुलींना मुद्दाम बोलावले जावे, आणि परीक्षक म्हणून अंध श्रोत्यांना बसवावे. सामन्याचे चित्र उभे राहिले की नाही, याचा त्यांच्याइतका कडक न्याय दुसरा कोणी करणार नाही. एका सामन्याला दोन समालोचक असावेत, ते दोन वेगवेगळ्या पेठांतले असावेत, आणि त्यांचे मानधन संयोजकाकडून न येता केंद्राकडून यावे. प्रायोजकाचे नाव मध्यंतरात घेता येईल. साहेबांचे आगमन सामना संपल्यावर सांगावे, आणि पंचांचा निर्णय चुकला असे वाटले तर तसे म्हणण्याची मुभा समालोचकाच्या करारात लेखी असावी.